बिटाचा रस आणि रक्तदाब: निरोगी माणसांवरील प्रयोग कसे वाचावेत

'बीट खा, पालक खा, बीपी उतरेल' हा सल्ला तुम्ही घरी, व्यायामशाळेत किंवा मोबाइलवर ऐकला असेल. हा सल्ला निव्वळ ऐकीव नाही. त्यामागे २००६ पासूनचे प्रयोग आहेत, आणि त्यांतले काही जगातील नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले आहेत. म्हणूनच तो तपासण्यासारखा आहे. पूर्ण खोटा दावा मोडून काढणे सोपे असते. ज्याचा अर्धा भाग पक्का आणि अर्धा भाग कच्चा आहे, असा दावा वाचताना खरी कसोटी लागते.

या टिपणात आपण नायट्रेटयुक्त अन्न आणि निरोगी प्रौढांचा रक्तदाब यांविषयीच्या निवडक प्रयोगांची चिकित्सा करू. त्यानंतर हाच प्रयोग बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत करायचा झाला तर काय काय सांभाळावे लागेल, ते पाहू. ही जागा निवडण्याचे कारण साधे आहे. दावा 'निरोगी प्रौढां'विषयी आहे, आणि पंचविशी-तिशीतले, एकाच प्रकारचे बैठे काम करणारे, दुपारचे जेवण कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये घेणारे निरोगी प्रौढ इतक्या संख्येने एकत्र सापडतील अशा जागा देशात थोड्या आहेत. तुमच्यापैकी काही जण पदवीनंतर तिथेच नोकरीला जातील.

१. नायट्रेटची शरीरातील वाट

आधी पक्का भाग समजून घेऊ. वनस्पती जमिनीतून नायट्रेट शोषतात. पालक, माठ, चाकवत, मुळा, बीट, लेट्यूस यांत ते भरपूर साठते. टोमॅटो, वांगी, बटाटा यांत कमी असते. आपण पालक खाल्ला की त्यातले नायट्रेट लहान आतड्यात शोषले जाऊन रक्तात येते. त्यातला बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. पण सुमारे एक चतुर्थांश भाग लाळग्रंथी रक्तातून उचलतात आणि लाळेत सोडतात. लाळेतील नायट्रेटचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते.

माणसाच्या पेशींना नायट्रेटचे नायट्राइट करणे फारसे जमत नाही. ते काम जिभेच्या मागील भागावर राहणारे जिवाणू करतात. लाळेबरोबर हे नायट्राइट आपण गिळतो. पोटातील आम्लात त्याच्या काही भागाचे नायट्रिक ऑक्साइड होते, उरलेले पुन्हा रक्तात जाते आणि तिथे व ऊतींमध्ये त्याचेही नायट्रिक ऑक्साइड बनू शकते. नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंदावते आणि दाब उतरतो. नायट्रिक ऑक्साइड हा रक्ताभिसरणातील संदेशवाहक रेणू आहे, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या वाटेवर जिवाणू खरोखर आवश्यक आहेत का, हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. त्यांना मारून पाहायचे. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १९ निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर क्लोरहेक्सिडीनच्या जंतुनाशक द्रवाने चुळा भरायला सांगितले. लाळेतील आणि रक्तातील नायट्राइट घटले आणि रक्तदाब सुमारे २ ते ३.५ मिमी पाऱ्याने वाढला. प्रयोग लहान आहे, पण त्याची दिशा यंत्रणेशी जुळते.

म्हणजे यंत्रणा आहे, यात शंका नाही. आता पुढचा प्रश्न: यंत्रणा असणे आणि ताटातल्या भाजीने रोजचा रक्तदाब उतरणे, या दोन गोष्टी एकच आहेत का?

२. २००६ चा प्रयोग: लहान, पण नेटका

स्टॉकहोम येथील लार्सन, लुंडबर्ग, वाइत्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. १७ तरुण, निरोगी, धूम्रपान न करणारे स्वयंसेवक. त्यांना तीन दिवस रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिमोल सोडियम नायट्रेट दिले, आणि दुसऱ्या फेरीत तेवढेच सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठ. प्रत्येक माणसाला दोन्ही गोष्टी आळीपाळीने मिळाल्या. या मांडणीला क्रॉसओव्हर म्हणतात. तिचा फायदा असा की प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. निकाल असा: नायट्रेटच्या फेरीत डायस्टोलिक, म्हणजे खालचा आकडा, सरासरी ३.७ मिमीने कमी होता आणि सरासरी धमनीदाब ३.२ मिमीने कमी होता. सिस्टोलिक, म्हणजे वरच्या आकड्यात, लक्षणीय फरक आढळला नाही.

आता हे वाचताना चार गोष्टी करा.

पहिली, मात्रा मोजा. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ०.१ मिलिमोल प्रति किलो म्हणजे ६ मिलिमोल. नायट्रेटचे मोलर वस्तुमान ६२, म्हणून ३७२ मिलिग्रॅम. नायट्रेटचे रोजचे स्वीकार्य सेवन आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे ३.७ मिलिग्रॅम ठरवले आहे. ६० किलोसाठी ते २२२ मिलिग्रॅम येते. म्हणजे प्रयोगातली मात्रा या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त होती. संशोधकांच्या हिशेबाने एवढे नायट्रेट १५० ते २५० ग्रॅम पालक, बीट किंवा लेट्यूसमध्ये मिळते. मात्रा आवाक्यातली आहे, पण ती रोजच्या वाटीभर भाजीपेक्षा मोठी आहे.

दुसरी, तुलना कशाशी केली ते पाहा. कोणी म्हणेल की मिठाने रक्तदाब वाढतो, मग नायट्रेटने तो उतरला नसून मिठाने चढला असेल. आक्षेप रास्त आहे. तो हिशेबाने तपासा. ६ मिलिमोल मीठ म्हणजे सुमारे ३५० मिलिग्रॅम, पाव चमच्यापेक्षाही कमी. शिवाय सोडियम दोन्ही फेऱ्यांत सारखेच होते. तीन दिवस एवढेसे मीठ जास्त गेल्याने हा फरक पडला असेल, हे पटण्यासारखे नाही. आक्षेप सुचणे ही चिकित्सेची पहिली पायरी. तो किती वजनाचा आहे हे मोजणे ही दुसरी. पुष्कळ समीक्षा पहिल्या पायरीवरच थांबतात.

तिसरी, 'लक्षणीय फरक नाही' याचा अर्थ नीट लावा. सरासरी धमनीदाब ढोबळमानाने असा काढतात: खालच्या आकड्याची दुप्पट अधिक वरचा आकडा, भागिले तीन. खालचा ३.७ ने आणि सरासरी ३.२ ने उतरली असेल, तर वरचाही साधारण २ मिमीने उतरला असला पाहिजे. पण १७ जणांत एवढा फरक योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. म्हणून 'लक्षणीय फरक आढळला नाही' आणि 'फरक पडला नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. परीक्षेत आणि बातम्यांत त्यांची सर्रास अदलाबदल होते.

चौथी, कालावधी पाहा. तीन दिवस. शरीराला दाब सांभाळण्याची स्वतःची यंत्रणा आहे: मूत्रपिंडे, संप्रेरके, चेतासंस्था. तीन दिवसांत दिसलेला फरक तीन महिन्यांनी टिकेल की शरीर तो भरून काढेल, हे या प्रयोगातून कळत नाही. लेखकांनी तसा दावा केलेलाही नाही.

३. २००८: मोठा आकडा कुठून आला

दोन वर्षांनी लंडनच्या विल्यम हार्वी संशोधन संस्थेतील अँड्र्यू वेब, अमृता अहलुवालिया आणि सहकाऱ्यांनी सोडियम नायट्रेटऐवजी खरा बिटाचा रस दिला. १४ निरोगी स्वयंसेवक, ५०० मिलिलिटर रस. सुमारे तीन तासांनी रक्तदाब सर्वाधिक उतरला: वरचा १०.४ आणि खालचा ८ मिमीने. बातम्यांत आजही फिरणारा 'दहा पॉइंट' हा आकडा इथून आलेला आहे.

या प्रयोगाचा सर्वांत चांगला भाग बातम्यांत सहसा येत नाही. स्वयंसेवकांना रस पिऊन झाल्यावर काही तास लाळ न गिळता थुंकायला सांगितले. तेव्हा रक्तातील नायट्राइट वाढले नाही आणि रक्तदाबही तसा उतरला नाही. रस तोच, पोटात गेलेले नायट्रेट तेच. फक्त लाळेची वाट तोडली. कारण आणि परिणाम यांचा दुवा दाखवणारा इतका स्वस्त आणि निर्णायक प्रयोग पोषणशास्त्रात क्वचित पाहायला मिळतो.

पण 'दहा पॉइंट'वर तीन आक्षेप राहतात. एक, तुलना पाण्याशी होती. लाल रस आणि पाणी यांतला फरक पिणाऱ्याला कळतोच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वगळता येत नाही. दोन, हा आकडा सर्वाधिक घसरणीच्या वेळचा आहे. दिवसाच्या सरासरीत उतरलेला दाब आणि शिखरावरच्या क्षणी उतरलेला दाब यांत मोठे अंतर असते. तीन, मात्रा. त्या रसात २२.५ मिलिमोल, म्हणजे जवळपास १,४०० मिलिग्रॅम नायट्रेट होते. ६० किलोच्या माणसासाठी स्वीकार्य सेवनाच्या सहापट. त्याच गटाच्या २०१० च्या प्रयोगात २५० मिलिलिटर रसात ५.५ मिलिमोल नायट्रेट होते. दोन्हींचा लिटरमागे हिशेब केला तर पहिला रस दुसऱ्याच्या दुप्पट तीव्र ठरतो. बीट कुठल्या जमिनीत वाढले, खत किती दिले, काढणी केव्हा झाली, यावर हे ठरते. म्हणून 'एक पेला बिटाचा रस' ही मात्रा नव्हे. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात, बिटावर नसतात.

पाण्याशी तुलना करण्याची अडचण पुढे सुटली. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी रसातील फक्त नायट्रेट आयन-विनिमय रेझिनने काढून टाकण्याची पद्धत वापरात आणली. रंग तोच, चव तीच, नायट्रेट जवळपास नाही. २०११ पासून असा रस अनेक प्रयोगांत वापरला गेला. त्यानंतरचे प्रयोग वाचताना आधी हे पाहा: तुलनेचा पेला पाण्याचा होता की नायट्रेट काढलेल्या रसाचा?

४. नंतरची बेरीज आणि २०२० चा निकाल

२०१३ मध्ये १६ लहान प्रयोगांची आणि २५४ सहभागींची एकत्रित बेरीज प्रसिद्ध झाली. वरचा आकडा सरासरी ४.४ आणि खालचा १.१ मिमीने कमी आढळला. इथे जरा थांबा. २००६ मध्ये प्रामुख्याने खालचा आकडा उतरला होता. बेरजेत वरचा जास्त उतरतो. परिणाम खरा असूनही आकडे असे जागा बदलू शकतात, कारण नमुने लहान आहेत, मात्रा वेगळ्या आहेत आणि बहुतेक प्रयोग काही तासांचे किंवा दिवसांचे आहेत. सोळा लहान प्रयोगांची बेरीज म्हणजे एक मोठा प्रयोग नव्हे. प्रत्येकातील समान त्रुटी बेरजेतही तशीच राहते.

रक्तदाब वाढलेल्या रुग्णांवरील निकालही एका दिशेचे नाहीत. लंडनच्या गटाने २०१५ मध्ये ६८ रुग्णांना चार आठवडे रोज २५० मिलिलिटर रस दिला. तुलना नायट्रेट काढलेल्या रसाशी होती. चोवीस तासांच्या नोंदीत दाब ७.७/५.२ मिमीने कमी आढळला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आधीच औषध घेणाऱ्या २७ जणांना आठवडाभर रस दिला. फरक आढळला नाही. दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले आहेत.

आता २०२०. स्वीडनमध्ये २४३ जणांवर पाच आठवड्यांचा प्रयोग झाला. वय ५० ते ७०, वरचा रक्तदाब १३० ते १५९. तीन गट: कमी नायट्रेटच्या भाज्या आणि निष्क्रिय गोळी, कमी नायट्रेटच्या भाज्या आणि ३०० मिलिग्रॅम नायट्रेटची गोळी, आणि ३०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या हिरव्या पालेभाज्या. मोजणी चोवीस तास दंडावर राहणाऱ्या यंत्राने. तिन्ही गटांच्या रक्तदाबात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

या प्रयोगाच्या लेखकांत लार्सन, वाइत्झबर्ग आणि लुंडबर्ग ही नावे आहेत. ज्यांनी २००६ मध्ये हा विषय उघडला, त्यांनीच चौदा वर्षांनी मोठा प्रयोग करून स्वतःच्या अपेक्षेविरुद्ध गेलेला निकाल छापला. विज्ञानातला प्रामाणिकपणा म्हणजे काय, याचे उदाहरण कोणी मागितले तर हे द्या. आणि हेही पाहा की 'बीटमुळे दहा पॉइंट'ची बातमी तुमच्यापर्यंत आपोआप आली. ही बातमी मात्र तुम्हाला शोधावी लागली असती.

हा निकाल आपल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आहे का? नाही. ते लोक तरुण नव्हते, आणि मात्रा २००६ पेक्षा थोडी कमी होती. पण एक साधा तर्क करता येतो. ज्यांचा दाब थोडा चढलेला आहे त्यांच्यात उतरायला जागा जास्त असते. तिथे पाच आठवड्यांत रोजच्या भाजीने फरक दिसला नाही, तर ११५/७५ दाब असलेल्या पंचविशीतल्या माणसात तो मोठा आणि टिकाऊ असेल, असे म्हणणाऱ्याने अधिक पुरावा द्यायला हवा. पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो.

५. हाच प्रयोग इलेक्ट्रॉनिक सिटीत करायचा झाला तर

होसूर रस्त्यावर कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली. आज तिथे सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी आवारे आहेत, आणि पुढे बोम्मसंद्रापर्यंत कारखाने व रुग्णालये पसरली आहेत. समजा, तिथल्या एका आवारात तुम्हाला प्रयोग आखायचा आहे. प्रश्न असा: कॅन्टीनमधल्या नायट्रेटयुक्त जेवणाने निरोगी कर्मचाऱ्यांचा रक्तदाब आठ आठवड्यांनी कमी राहतो का?

संख्येपासून सुरुवात करा. तुम्हाला ३ मिमीचा फरक पकडायचा आहे आणि एकाच माणसाच्या दोन फेऱ्यांतील फरकाचे प्रमाण विचलन ८ मिमी आहे, असे धरा. ८० टक्के क्षमता आणि ५ टक्के पातळी घेऊन सूत्र मांडले तर क्रॉसओव्हर मांडणीत साधारण ५६ माणसे लागतात. लोक मध्येच सोडून जातात, म्हणून सत्तर घ्या. १४ किंवा १७ या संख्या किती तोकड्या होत्या, ते आता आकड्यात दिसेल.

नंतर पाणी. ही गोष्ट स्टॉकहोमच्या संशोधकांना फारशी नडली नसेल, तुम्हाला नडेल. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरात अनेक इमारती कूपनलिका आणि टँकरवर चालतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात कर्नाटकातील जवळपास निम्म्या नमुन्यांत ते या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. महाराष्ट्रात सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत. आता हिशेब करा. समजा पाण्यात लिटरमागे ९० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि माणूस दिवसाला ३ लिटर पाणी पितो. झाले २७० मिलिग्रॅम. म्हणजे स्वीडनच्या प्रयोगातली जवळपास पूर्ण मात्रा त्याच्या पोटात पाण्यातूनच जाते आहे, मग तो कुठल्याही गटात असो. दुसऱ्याच्या घरी आरओ यंत्र आहे. त्याच्या पाण्यातले बरेचसे नायट्रेट गाळले जाते. हे न मोजता तुम्ही दोन गटांची तुलना केली, तर निकालाला अर्थ उरणार नाही. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एकक पाहा: काही अहवाल 'नायट्रेट-नायट्रोजन' लिहितात, आणि तिथले १० मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेटचे सुमारे ४५ मिलिग्रॅम.

यावरून कोणी 'मग बोअरचे पाणी बीपीला चांगले' असा निष्कर्ष काढू नये. अशा पाण्यावर दूध पावडर कालवून दिल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. हा धोका अमेरिकेतील आयोवा राज्यातून १९४५ मध्येच नोंदला गेला आहे. भाजीबरोबर क जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि तंतू येतात. दूषित पाण्याबरोबर खत आणि सांडपाणी येते.

मग स्वयंपाक. नायट्रेट पाण्यात विरघळते. पालक उकळून पाणी फेकले तर नायट्रेटचा मोठा वाटा त्याबरोबर मोरीत जातो. ताकातल्या पालकाच्या पातळ भाजीत तो टिकतो. कर्नाटकात पालेभाजीला सोप्पु म्हणतात, आणि तिथल्या बस्सारु या प्रकारात भाजी उकडून निथळतात, निथळलेल्या पाण्याचे सारु करतात आणि भाजीचे पल्या. ज्याने फक्त पल्या खाल्ले आणि ज्याने सारु ओरपले, त्यांची मात्रा वेगळी. म्हणून 'पालक १०० ग्रॅम' असे न लिहिता शिजलेल्या पदार्थातील नायट्रेट मोजा, आणि कॅन्टीनच्या आचाऱ्याला प्रयोगाचा सहकारी समजा. त्याच्याशी बोलल्याशिवाय तुमची मात्रा ठरणार नाही.

मीठही तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. एका गटाच्या भाजीत मीठ जास्त पडले, तर नायट्रेटचा परिणाम झाकला जाईल किंवा नसलेला परिणाम दिसेल.

शेवटी मोजणी. होसूर रस्त्यावरच्या वाहतुकीतून धापा टाकत आलेल्या माणसाचा दाब लगेच मोजू नका. निदान पाच मिनिटे शांत बसू द्या. निरोगी माणसाचा दाब झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. रात्रपाळीत अमेरिकी ग्राहकांचे काम करणाऱ्याचे घड्याळच उलटे असते, म्हणून पाळीची नोंद ठेवा आणि चोवीस तासांचे यंत्र वापरा. आणि प्रश्नावलीत एक ओळ विसरू नका: जंतुनाशक माउथवॉश वापरता का?

६. मग निष्कर्ष काय

नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइडपर्यंतची वाट प्रयोगांनी सिद्ध आहे. मोठ्या मात्रेने निरोगी माणसाचा रक्तदाब काही तास किंवा काही दिवस थोडा उतरतो, हेही बऱ्यापैकी पक्के आहे. रोजच्या भाजीतील नायट्रेटमुळे तो महिनोन्महिने कमी राहतो, हे सिद्ध नाही. आजवरच्या मोठ्या प्रयोगाचा कौल उलट आहे.

'दोन-तीन मिमीने काय होते' असे म्हणून विषय सोडू नका. २००२ मध्ये जगभरच्या पाहण्यांची जी मोठी बेरीज झाली, तिच्यानुसार मध्यमवयीनांचा नेहमीचा वरचा दाब २ मिमीने जरी कमी असेल तरी पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी कमी असतात. या वाक्यातला 'नेहमीचा' हा शब्द अधोरेखित करा. रस प्यायल्यावर तीन तासांनी दिसणारा आकडा नेहमीचा नसतो.

पालेभाजी खाण्याची कारणे नायट्रेटवर अवलंबून नाहीत. १९९७ मध्ये अमेरिकेत डॅश नावाच्या प्रयोगात भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणाऱ्या आहाराने वरचा दाब सरासरी ५.५ मिमीने उतरला; ज्यांचा दाब आधीच जास्त होता त्यांच्यात ११.४ ने. तिथे पोटॅशियम होते, तंतू होते, कॅल्शियम होते, नायट्रेटही होते. श्रेय एकाच रेणूला देण्याची घाई संशोधनात महाग पडते, आणि बाजारात तीच विकली जाते.

यात कोणाचे काय पणाला लागले आहे, तेही पाहा. धडधाकट तरुणाने बिटाचा रस प्यायला तर फारसे बिघडत नाही. लघवी लालसर झाली तर घाबरू नये, एवढेच. ज्याला मूतखड्याचा त्रास आहे त्याने मात्र पालक आणि बिटातील ऑक्झलेटचा विचार करून डॉक्टरांना विचारावे. खरा धोका त्याच्या वडिलांना आहे. मुलाने बेंगळुरूहून पाठवलेला 'दहा पॉइंट'चा संदेश वाचून गावाकडचा साठीचा माणूस रक्तदाबाची गोळी सोडतो आणि सकाळी रस घेऊ लागतो. १४ निरोगी तरुणांवर तीन तासांत घेतलेला आकडा त्याच्यासाठी नव्हताच. संदेश पुढे पाठवण्याआधी तो कोणावर, किती मात्रेत, किती दिवस आणि कशाच्या तुलनेत तपासला, हे चार प्रश्न विचारणे तुमच्या हातात आहे.

स्वाध्याय

१. ७५ किलो वजनाच्या माणसासाठी २००६ च्या प्रयोगातील नायट्रेटची मात्रा मिलिग्रॅममध्ये काढा आणि स्वीकार्य सेवनाशी तुलना करा.

२. वरील सूत्रात फरक ३ ऐवजी १.५ मिमी धरला तर सहभागींची संख्या साधारण किती पट होईल? का?

३. तुमच्या घरी पालक कोणकोणत्या पद्धतीने शिजवतात ते लिहा. कोणत्या पद्धतीत नायट्रेट ताटात उरते आणि कोणत्या पद्धतीत ते फेकले जाते?

४. वर्तमानपत्रातील आहारविषयक एक बातमी निवडा आणि शेवटच्या परिच्छेदातील चार प्रश्न तिला लावा. ज्या प्रश्नाचे उत्तर बातमीत नाही, तो वेगळा नोंदवा.

५. लाळ थुंकण्याचा प्रयोग केला नसता, तर २००८ च्या निकालाचे आणखी कोणते स्पष्टीकरण शक्य होते? दोन वाक्यांत लिहा.